घरबसल्या

(महिला दिनाच्या निमित्ताने भांडुपमध्ये झालेल्या मेळाव्यातील भाषण. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवली आहे.)



मी इथे उभी आहे आणि घरी गॅस बंद आहे ना, हे निघताना दोनदा बघून आलेय. तरी अर्धं लक्ष तिकडेच आहे. तेव्हा बोलता बोलता मध्येच थांबले तर समजून घ्या.

मला विषय दिलाय ‘घरबसल्या उद्योग करणारी स्त्री’. निमंत्रणाचा कागद वाचला आणि सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, “बसल्या? तू बसलीस कधी?” मला तो शब्द तेव्हापासून टोचतोय. दुकानदार दुकानात गादीवर बसतो, त्याला कोणी ‘दुकानबसल्या’ म्हणत नाही. आपण पहाटे साडेचारला ओट्याशी उभ्या राहतो त्या साडेनऊला पाठ टेकवतो, आणि आपला धंदा घरबसल्या!

माझं काम सांगते. टेंभीपाड्याच्या चढावर बैठ्या चाळीत दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा. रोज सकाळी चपात्या आणि दोन भाज्या. दादरकडच्या बायका पोळी म्हणतील, आमच्याकडे चपातीच. एप्रिल-मे महिन्यात मालवणी मसाला, गणपतीत मोदक, दिवाळीत फराळ. १९९३ साली लग्न होऊन कणकवलीकडून इथे आले तेव्हा ह्यांची कंपनी चालू होती. (मी ‘हे’ म्हणते म्हणून तुमच्यातल्या काहीजणी हसतायत. हसा. तीस वर्षांची सवय आहे, एका मेळाव्यात जायची नाही.)

त्या वेळचं भांडुप तरुण मुलींना सांगायला हवं. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना कारखाने होते. गेस्ट कीन विल्यम्स, एशियन पेंट्स, सिएट. पाळी सुटली की स्टेशनपर्यंतचा रस्ता माणसांनी भरून जायचा. कोकणातून आलेला माणूस मामाकडे नाहीतर गाववाल्याकडे उतरायचा आणि कुठल्या ना कुठल्या गेटवर चिकटायचा. मग एकेक कारखाना बंद होत गेला किंवा आक्रसला, आणि त्या जागांवर मॉल आणि टॉवर आले. ह्यांची कंपनी २००२ मध्ये बंद पडली. पैसे मिळाले ते कर्जात आणि दीराच्या लग्नात गेले. हे सहा महिने घरात बसून होते, तेही खरोखर बसून! आणि मी दोन मुलांचे डबे द्यायला सुरुवात केली. वरच्या खोलीत भाड्याने राहणारी, कॉल सेंटरला जाणारी पोरं होती ती. दोनाचे सात झाले, सातांचे वीस.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. गिरणगावात हे आमच्या आज्यांनी केलेलंच आहे. गावाहून एकटा आलेला गिरणी कामगार एखाद्या बाईच्या खाणावळीत जेवायचा आणि महिन्याच्या पगाराला पैसे द्यायचा. तोपर्यंत तिने धान्य आणायचं कुठून? वाण्याकडून, उधारीवर, व्याजाने. नाहीतर गळ्यातलं गहाण टाकून. त्या खाणावळवाल्यांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. प्रेमाताई कामगार चळवळीतल्या. १९६९ मध्ये बँका सरकारी झाल्या होत्या, तर त्या बँकांचं कर्ज ह्या बायकांना का नाही, असा त्यांचा साधा सवाल होता. आणि ते कर्ज त्यांनी मिळवून दाखवलं. त्या बायकांच्या हातचं जेवून गिरण्या चालल्या आणि १९८२ चा संपही चालला. संपाचा इतिहास वाचताना त्यात पुढारी सापडतात, गेटसभा सापडतात. पगार बंद असताना भाकरी कोणी थापली, ते शोधत बसावं लागतं.

लिज्जत पापडाचं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात बायका आणि ८० रुपये उसने. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. तिथे पीठ मळण्याचं काम केंद्रावर होतं, बायका फक्त लाट्या घरी नेतात, दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात आणि तिथल्या तिथे मजुरी घेतात. म्हणजे कामाचं माप आहे. किती किलो नेलं, किती आणलं, किती पैसे. घरात केलेलं असलं तरी ते घरकामात विरघळून जात नाही. माझं विरघळून गेलं होतं. किती, ते आता सांगते.

२०११ ची गोष्ट. जनगणनेचे गुरुजी दारात आले. मी चपात्या लाटत होते, समोर पेपर अंथरून त्यावर शंभर-सव्वाशे चपात्या वाफ जायला ठेवलेल्या. गुरुजी बिचारे त्या ओलांडून आत आले, हात टेकायला जागा नव्हती. नाव विचारलं, वय विचारलं, आणि विचारलं, “बाई, तुम्ही काय काम करता?” आणि मी म्हटलं, “काही नाही. घरीच असते.”

हे मी सांगितलं. ह्यांनी नाही, सासूबाईंनी नाही. हातात लाटणं धरून मी सांगितलं. गुरुजींनी लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेले. जाताना म्हणाले, “छान वास येतोय.” आता मला सांगा, सरकार आपल्याला मोजत नाही, हे आपण मोर्च्यात ओरडतो ते खरंच आहे, पण त्या दिवशी मोजायला माणूस दारात आला होता आणि मीच त्याला शून्य दिलं. त्याबद्दल मी पुष्कळ विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की हे काम नाही. स्वयंपाकच तर आहे! चार माणसांचा करते त्याच्याऐवजी चाळीसांचा.

हे फक्त माझं नाही. १९८८ चा ‘श्रमशक्ती’ अहवाल आला, इला भट्ट त्या आयोगाच्या अध्यक्ष होत्या, त्यात घरात बसून विड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या बायकांचं हेच लिहिलंय, की त्या कामगार आहेत आणि कुठल्याच हिशेबात नाहीत. त्यानंतर जून १९९६ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत घरकामगारांचा, म्हणजे घरात राहून माल तयार करणाऱ्यांचा, १७७ क्रमांकाचा करार मंजूर झाला. त्यासाठी आपल्या ‘सेवा’ संघटनेने केवढी खटपट केली होती. आपल्या देशाने तो अजून मान्य केलेला नाही. आणि तो मान्य झाला तरी माझ्यासारखीला लागू होतो का? तो दुसऱ्यासाठी घरी माल करून देणारीसाठी. माझा मालक कोण? मीच. म्हणजे मी कामगारही नाही आणि शेठाणी तर नाहीच नाही.

आता धंद्याच्या नफ्याबद्दल. हा भाग मला सांगायला जड जातो, पण तो सांगायलाच मी आले आहे.

माझी मुलगी बी.कॉम.ला होती, २०१८ मध्ये. कॉलेजात खर्चाचा हिशेब मांडायचा काहीतरी पाठ होता. म्हणाली, “आई, तुझ्या चपातीचा करू.” मी खुशीत. वही घेऊन बसली. एक किलो गहू आणि दळण मिळून ३६ रुपये. तेल १०, गॅस १०, कागद-पिशव्या ४. झाले ६०. किलोला २८ चपात्या होतात, तेव्हा चपाती ५ रुपयांना, म्हणजे १४०. राहिले ८०. रोज सहा किलोच्या करायचे, राहिले ४८०. मी म्हटलं, बघ, रोज ४८० रुपये सुटतात. कारखाना बंद पडलेल्या घरात हे थोडं नव्हतं.

मुलगी म्हणाली, “थांब. वेळ किती?” माझे पाच तास. मग विचारलं, “आणि आजी?” आजी कणीक मळते, गोळे करते, दहा-दहाच्या चळती मोजून बांधते, तिचे तीन तास. “आणि मी?” ती कॉलेजला जाता जाता डबे टाकत स्टेशनला जायची, घरोघर जिने चढून. एक तास. झाले नऊ. ४८० भागिले नऊ. तासाला ५३ रुपये. आणि हे रुपये माझ्या एकटीच्या डब्यात पडत होते, तेव्हा मला ते तासाला ९६ वाटत होते. मधला फरक कुठून आला? सासूबाईंच्या मजुरीतून आणि पोरीच्या मजुरीतून, जी मी दिली नव्हती. कोणी देतं का घरात? पण कोणी मागत नाही म्हणून तर धंदा सुटतो. आपल्या ह्या घरगुती उद्योगांचं गुपित हेच आहे, मैत्रिणींनो. माल स्वस्त पडतो कारण आपण फुकट असतो, आणि आपल्यापेक्षाही फुकट असं कोणीतरी आपल्या हाताखाली असतं.

इथपर्यंत ठीक होतं. मग तिने खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘दिवाळी २०१४, अकरा दिवस.’ मी विचारलं, “हे काय?” ती काही बोलली नाही.

मला लगेच कळलं. २०१४ च्या दिवाळीत ती दहावीला होती. त्या वर्षी फराळाची ऑर्डर पहिल्यांदाच मोठी आली, एका ऑफिसची, सत्तर खोकी. मला भीती वाटत होती आणि हावही सुटली होती, दोन्ही. मुलीचा सकाळचा गणिताचा क्लास असायचा. मी म्हटलं, आजच्या दिवस राहा, चकल्या पाडायला हात हवाय. मग दुसऱ्या दिवशी करंज्यांना. असे अकरा दिवस झाले. मुलगा तेव्हा आठवीत, त्याचा क्लास मी एक दिवस चुकू दिला नाही. संध्याकाळी तो खेळायला गेला तर त्याच्या ताटात गरम करंजी ठेवून ती म्हणजे ती पोरगी त्याला हाक मारायची. मार्चमध्ये तिला गणितात ४१ गुण पडले. मी काय म्हणाले ठाऊक आहे? “लक्ष नाही अभ्यासात.”

चार वर्षं तिने ते मनात ठेवलं होतं, आणि दिवस मोजून ठेवले होते. मी ज्या संघटनेच्या शिबिरात ‘मुलगा-मुलगी भेदभाव’ या विषयावर गटचर्चा घेतली होती, त्याच वर्षी मी हे केलं. सासूने केलं असतं तर मी पहिली ओरडले असते. मी कोणाच्या जबरदस्तीने केलं नाही. ह्यांनी तर उलट एकदा म्हटलं होतं, “जाऊ दे तिला.” मी म्हटलं, “मग तुम्ही पाडता का चकल्या?” ते गप्प झाले. ते पाडू शकले असते. मीही त्यांना सोऱ्या हातात दिला नाही. पोरीच्या हातात दिला, कारण ती उलट बोलणार नव्हती.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. फार मोठ्या नाहीत. एक, सासूबाईंना महिन्याला दीड हजार रुपये सुरू केले. आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. “सुनेकडून मजुरी घेऊ? मी काय कामवाली आहे?” म्हणाल्या. मी पैसे देवासमोरच्या डब्यात ठेवत राहिले. तिसऱ्या महिन्यात डबा रिकामा झाला. त्यांनी पोस्टात खातं काढलं होतं, स्वतःच्या नावाचं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. आणि त्या मे महिन्यात कोणाला न विचारता तुतारी एक्सप्रेसचं तिकीट काढून, ठाण्याला गाडीत बसून एकट्या माहेरी गेल्या. पंधरा दिवस राहिल्या. कणीक मीच मळली ते पंधरा दिवस, आणि तेव्हा कळलं तीन तास म्हणजे किती.

दुसरी गोष्ट, चपाती ५ ची ७ केली. नऊ गिऱ्हाइकं गेली. त्यांतली पाच परत आली. मुलीची मजुरी मात्र मी अजून देऊ शकलेले नाही. पैसे देते म्हटलं तर ती हसते. ती आता ठाण्याला हिशेबनीस म्हणून नोकरी करते, आणि माझा आयकर-नोंदणीचा कागदोपत्री कारभार तिच्याकडे असतो. त्याचे पैसे तिने मागितले, आणि मी देते.

आकड्यांचा विषय निघाला म्हणून सांगते. सरकारनेच २०१९ मध्ये लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. परत २०२४ मध्ये केली. बाईची २८९, पुरुषाची ८८. आपली दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानायला गेले, तर त्यांनीही नऊ वाचवलीत!

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण नंतर बऱ्याचजणी तेच विचारतील. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे, त्याखाली लहान धंद्याला साधी नोंदणी लागते. मी केली तेव्हा फॉर्म भरून देणाऱ्याने विचारलं, खोली कोणाच्या नावावर? लाइट बिल कोणाच्या नावावर? दोन्ही ह्यांच्या. मग धंदाही त्यांच्या नावावर टाकून मोकळा झाला. ‘सोपं पडतं’ म्हणाला. चपात्या माझ्या आणि प्रमाणपत्रावर नाव त्यांचं, जे साधा आमटीला फोडणी घालत नाहीत. दोन वर्षं ते भिंतीवर लटकलं. मग एका बँकेत मुद्रा कर्जासाठी गेले. ही योजना २०१५ पासून आहे, शिशु प्रकारात ५० हजारांपर्यंत, तारण लागत नाही. तिथे साहेब म्हणाले, धंदा मिस्टरांचा, अर्ज तुमचा, हे कसं? साहेब कागद बघत होते. कागदावर मी नव्हतेच. तेव्हा ह्यांच्याकडून संमतीपत्र लिहून घेतलं, आणि नोंदणी माझ्या नावाने नव्याने केली. सोपं पडतं म्हणून दुसऱ्याच्या नावावर काही टाकू नका. नंतर ते काढायला फार कठीण जातं. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रमची नोंदणी सुरू झाली तेव्हा केंद्रावरच्या मुलाने विचारलं, “व्यवसाय?” मी एवढ्या मोठ्याने सांगितलं की रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. त्यापैकी दोघींनी मग ‘गृहिणी’ खोडायला लावलं.

आता शेवटचं. आणि हे आत्ताचं आहे.

आमच्या चाळींचं पुनर्वसन व्हायचं घाटतंय. बिल्डरची माणसं नकाशे घेऊन फिरतायत. ३०० चौरस फुटांची खोली, लिफ्ट, आत संडास. कोणाला नको असेल? पावसाळ्यात चढावरून पाणी घरात येतं, ते मला नको आहे. रात्री संडासाला बाहेर जाणं मला नको आहे. पूर्वी २२५ चौरस फूट मिळायचे, मग २६९ झाले, आता ३००. मोठीच गोष्ट आहे. पण नकाशा बघताना माझ्या लक्षात आलं, त्यात ओटा नाही. दारापुढचा ओटा. तिथे मी मिरच्या वाळवते. शेजारच्या वहिनी पापड वाळवतात, पुढच्या मावशी तिथे गजरे ओवतात, त्यांच्या पलीकडची बाई इमिटेशन दागिन्यांना मणी लावते, ग्रोसवर. आमच्या गल्लीत अठरा घरं आहेत, त्यांतल्या अकरा घरांत बायकांचा काही ना काही धंदा आहे आणि तो सगळा त्या तीन फुटांच्या ओट्यावर चालतो. शिवाय मसाला! बेडगी आणि संकेश्वरी मिरची भाजली की आख्खी गल्ली खोकते, पण शिव्या कोणी देत नाही, कारण प्रत्येकीला पावशेर मिळतो. सातव्या मजल्यावर बंद पॅसेजमध्ये मिरची भाजली तर काय होईल? पहिल्याच दिवशी सोसायटीची नोटीस.

गच्चीचं विचारलं. मीटिंगमध्ये, पुरुषांच्या मीटिंगमध्ये, बायका दाराशी उभ्या होत्या. मी हात वर करून विचारलं, “गच्चीला कुलूप असणार का? आणि वाळवणाला जागा कुठे?” हसले सगळे. एक जण म्हणाला, “वहिनी, टॉवरमध्ये गेल्यावर पापड काय वाळवता, आता आराम करा.” आराम! माझ्या महिन्याच्या कमाईवर हातोडा पडणार आणि त्याला आराम म्हणतात. भाडं मिळेल इमारत होईपर्यंत, हे खरं. पण ते खोलीचं भाडं आहे, धंद्याचं नाही. ज्याचं कागदावर दुकान आहे, त्याच्या दुकानाची चर्चा होते. आमच्या गल्लीत एकच पिठाची गिरणी आहे आणि एक वाणी, त्या दोघांचं नाव यादीत वेगळं आहे. आम्ही अकराजणी ‘निवासी’.

आणि करारनाम्यावर सही कोणाची, हेही विचारून घ्या. नियमात करार झोपडीधारक आणि जोडीदार अशा दोघांच्या नावे करायचा असतो. आमच्याकडे वाटलेल्या पहिल्या कागदांवर एकाच सहीची जागा होती. आम्ही परत केले. दुसरे आले, त्यांवर दोन जागा आहेत. ह्यांनी पेन आधी माझ्याकडे दिलं, ते का ते मी विचारलं नाही.

आम्ही अकराजणींनी मिळून एक पत्र तयार केलंय. घरागणिक धंदा काय, किती वर्षं, महिन्याला कमाई किती, वाळवणाला-साठवणाला जागा किती लागते, सगळं लिहिलंय. तळमजल्यावर एक सामायिक खोली आणि गच्चीचा अर्धा भाग, एवढं मागितलंय. ते मिळेल की नाही, मला सांगता यायचं नाही. कमाईचा आकडा लिहायला पाचजणी तयार नव्हत्या, घरात कळेल म्हणून. एकीने नवऱ्याला सांगितलेल्यापेक्षा निम्मा आकडा लिहिलाय, मी काही बोलले नाही. मणी लावणाऱ्या बाईने विचारलं, “हे काम म्हणून लिहायचं का? ते तर मी टीव्ही बघत बघत करते.” मी तिला गुरुजींची गोष्ट सांगितली. तिने लिहिलं.

पुढच्या रविवारी परत मीटिंग आहे, गणपतीच्या देवळामागच्या पटांगणात. ह्या वेळी दाराशी उभं राहायचं नाही, पुढे सतरंजीवर बसायचंय. ज्यांच्या चाळींना हीच पाळी येणार आहे त्यांनी सोबत या, पत्राची नक्कल माझ्याकडे आहे. सातला या. आठ वाजता मला डबे द्यायचेत.